४८ तासांत केलेला फाशांचा खेळ: सांभाळून घ्यायचं की सुनवायचं?

रात्रपाळी: २०२२च्या जीएमटीके गेम जॅमचा (गेम मेकर्स टूलकिट या यूट्यूब चॅनेलची, दिलेल्या विषयावर ठरलेल्या वेळात व्हिडिओ गेम बनवायची स्पर्धा) विषय होता 'रोल ऑफ द डाइस', म्हणजे फाशाचं दान, मुदत ४८ तास. तेव्हा केलेला खेळ परवा मित्रमंडळींत पुन्हा वाटला. पटावर फासा एकेक घर लोळवत न्यायचा, वर येईल तो आकडा म्हणजे तुमची ताकद. वाटेत एक तिजोरी आहे, तिथे वेगळा फासा टाकायचा, सहा पडला तरच ती उघडते. एकाने अभिप्राय दिला, "सगळं नशिबावर. पाच मिनिटांत बंद केला." अहो, आवाज घालायला शेवटचा अर्धा तास उरला होता! जॅमच्या खेळाला विकतच्या खेळाची फूटपट्टी लावणं बरोबर आहे का?

खडूस खेळाडू: तो एकजण मीच. चित्रं, आवाज यांबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. पण तिजोरीपुढे अकरा वेळा फासा टाकला, सहा नाही. तुम्ही किती रात्री जागलात ते खेळणाऱ्याला दिसत नाही, त्याला बंद तिजोरी दिसते.

आधी करून बघा: हेच पहिल्यांदा का नाही लिहिलंत? "पाच मिनिटांत बंद केला" यावरून करणाऱ्याने काय दुरुस्त करायचं? मी दोन जॅम केलेत. झोप आणि जेवण वजा करा, शेवटी गेम ब्राउझरमध्ये चालेना म्हणून गेलेले तास वजा करा, मग बोला. शिवाय फाशांचा खेळ आणि नशीब नको, तर बुद्धिबळ खेळा की.

खडूस खेळाडू: नशीब नको असं कोण म्हणालं? सारीपाटातही दान नशिबानंच पडतं, पण कोणती सोंगटी हलवायची ते आपण ठरवतो. तिजोरीपाशी मी काय ठरवतो? पुन्हा बटण दाबायचं, एवढंच.

गणिताची बाई: दहा दानांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के. म्हणजे शंभरातले सोळा जण तिथे ताटकळणार. घाईत चारपाचदा चालवून बघणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, म्हणून त्याला दोष देणार नाही. उपाय दहा मिनिटांचा आहे: दान फुकट गेलं की अट एकाने उतरवा. आधी सहा, मग पाच किंवा सहा, मग चार किंवा त्यापुढचं काहीही, असं. सहाव्या दानाला तिजोरी उघडतेच.

पण दुसरी चूक मला जास्त खटकली. तुमच्या लोळणाऱ्या फाशावर तीनच्या पाठीला पाच आहे! समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात हवी. तीन वर असताना एकाच दिशेला दोनदा लोळवला की चार येणार हे मनात धरून मी चाल आखली, आणि आले पाच. इथे नशिबाचा संबंधच नव्हता, मी डोकं चालवलं म्हणून हरले.

आधी करून बघा: बाई, पहाटे तीनला फाशावर ठिपके चिकटवताना कोण बेरीज करतं?

गणिताची बाई: ज्याचा अख्खा खेळ त्या फाशावर उभा आहे त्याने करावी. बाकी सगळं कच्चं राहिलं तरी चालेल.

रात्रपाळी: अरे देवा. आत्ता लॅपटॉप उघडून बघितलं, खरंच पाच आहे. चार आणि पाचची अदलाबदल झालीय. इतकी वर्षं कुणी बोललं नाही. आज रात्री दोन्ही दुरुस्त करतो. आवाजाचं मात्र सांभाळून घ्या.

खडूस खेळाडू: आवाज मी पहिल्याच मिनिटाला म्यूट केला होता.