उत्तर: उत्तर: शनिवारी झाडवाला येतोय, खोड किती उंच ठेवायचं? (तातडीचं)

शरद (शुगर लँड)
बुधवार, २४ जुलै २०२४, रात्री ९:५२

मंडळी,

झाडवाल्याचा शेवटी फोन लागला. शनिवारी सकाळी आठला येतो म्हणालाय. त्याचा एकच प्रश्न आहे: आमच्या अंगणातल्या लाइव्ह ओकचं खोड जमिनीलगत कापायचं की उभं ठेवायचं, आणि ठेवायचं तर किती फूट? उद्या रात्रीपर्यंत त्याला कळवायचंय. मेमधल्या वादळात चिरलं आणि बेरिल चक्रीवादळात फाटलं, तेव्हापासून साधारण नऊ फूट उभं आहे.

वीज गेली होती त्या रात्री ड्राइव्हवेवर सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की गॅल्व्हस्टन बेटावर मेलेल्या झाडांचे बुंधे कोरलेत तसं काहीतरी कोरून घेऊ आणि आपलं ह्यूस्टनचं मंडळ निम्मा खर्च उचलेल. ते कायम आहे, की तेव्हा नुसता आमरस बोलत होता? एचओएचं (वसाहतीच्या घरमालक संघाचं) पत्र आलंय, 'मोडकं झाड' १५ ऑगस्टच्या आत हलवा म्हणून.

ता. क. पाच लिटरच्या कुकरचं झाकण कोणाकडे गेलंय? माझ्याकडे तीन लिटरचं आलंय.

---

अश्विनी (खजिनदार)
बुधवार, रात्री १०:१०

शरदकाका, मंडळ निम्मा खर्च उचलेल असं कोण म्हणालं? मी आमरसाचा चौथा डबा फुटेपर्यंत तिथेच होते. माझ्या कानावर असं काही आलं नाही आणि मिनिट्समध्ये तर नाहीच. खाजगी अंगणातल्या वस्तूवर मंडळाचे पैसे घालता येत नाहीत. मखराच्या वेळी यावरून एवढं रामायण झालंय, ते परत नको.

शिवाय गणपती ७ सप्टेंबरला आहेत. स्टोरेजमध्ये ढोल भिजलेत, त्यांची सहा पानं (वाजवायचे पडदे) गेली असं ऐकलं. आधी ते बघू या.

---

मंदार (ढोल पथक)
बुधवार, रात्री १०:१४

ढोल भिजलेले नाहीत. दमट झालेत. दोन पानं सैल पडलीत, ती ताणून होतील. स्टोरेजची किल्ली माझ्याकडे आहे आणि मी स्वतः जाऊन बघून आलोय. कृपया न बघता आकडे टाकू नयेत.

खोडाबद्दल माझं काही मत नाही.

---

विद्या (क्लिअर लेक)
गुरुवार, २५ जुलै, सकाळी ६:३५

सगळे गॅल्व्हस्टन गॅल्व्हस्टन करताहेत, पण त्या रात्री मी सांगत असताना कोणी ऐकलेलं दिसत नाही. पत्त्यांचा डाव चालू होता. म्हणून पुन्हा लिहिते.

आइक चक्रीवादळ आलं १३ सप्टेंबर २००८ ला. वाऱ्यापेक्षा पाण्याने घात केला. बेटावर समुद्र चढला, मुळांत मीठ बसलं आणि पुढच्या वसंतात कितीतरी ओकना धड पालवीच फुटली नाही. चाळीस हजारांच्या आसपास झाडं गेली. यातली पुष्कळशी १९०० च्या वादळानंतरची होती. तेव्हा समुद्राला भिंत घातली, गाळ भरून शहराची जमीन उचलली आणि मग नव्याने झाडं लावली. पणजोबांनी लावलेलं झाड तोडायला माणसं दारात आली, तेव्हा काहींनी बुंधा तेवढा ठेवून घेतला आणि चेनसॉने कोरणाऱ्यांना बोलावलं. पेलिकन, बगळे, डॉल्फिन, एका घरापुढे चांगला मोठा ग्रेट डेन कुत्रा. घरमालकाच्या अंगणात, घरमालकाच्या खर्चाने, पण फुटपाथवरून कोणीही बघावं असं. अश्विनी, हे तुझ्यासाठी.

महत्त्वाचं म्हणजे ती झाडं जागच्या जागी मुळांवर उभी असताना कोरली. आमच्याकडे आइकमध्ये छप्पर गेलं होतं. पुढच्या वर्षी पाहुण्यांना घेऊन गॅल्व्हस्टनला गेलो, तर घरांवर अजून निळ्या ताडपत्र्या होत्या आणि मध्येच एका अंगणात पेलिकन. सासूबाई गाडीतून उतरून त्याच्या चोचीवरून हात फिरवून आल्या. गुडघेदुखीमुळे त्या एरवी गाडीतून उतरायच्या नाहीत.

नऊच्या नऊ फूट ठेवा. कमी केव्हाही करता येतं.

---

सुनील (पेअरलँड)
गुरुवार, सकाळी ८:०५

विद्याताई, माहिती छान. पण कोणाच्या अंगणात राहिलं तर आपल्या लोकांना त्याचा काय उपयोग? माझी सूचना: आठ फुटांचा तुकडा सलग कापून घ्यावा, माझ्या पिकअपवर टाकून हॉलवर न्यावा आणि तिथेच गणपती कोरून घ्यावा.

---

आनंद (केटी)
गुरुवार, सकाळी ८:४०

सुनील, हिशोब कर. खोडाचा व्यास अडीच फूट, लांबी आठ फूट, म्हणजे जवळजवळ ३९ घनफूट. लाइव्ह ओकचं ओलं लाकूड घनफुटाला पाऊणशे पौंडांच्या आसपास भरतं. झाले २,९०० पौंड. तुझ्या पिकअपची क्षमता दीड हजार असेल. उचलणार कोण, मंदारचं पथक?

---

मंदार (ढोल पथक)
गुरुवार, सकाळी ८:४३

पथक उचलणार नाही.

---

नाना (शुगर लँड)
गुरुवार, दुपारी १२:२०

विद्या, तू मिठाचं लिहिलंस त्यावरून आठवलं. आमची ताई श्रीवर्धनला असते. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, तेव्हा वय ७१ असलेल्या माणसाने नवी रोपं लावायची ती कोणासाठी, असं ती म्हणत होती. वीज नाही, फोन नाही. तीन आठवड्यांनी बोलणं झालं, तर हिचा सूर एकदम वेगळा. पडलेल्या पोफळी उभ्या चिरून पन्हळ केले होते, विहिरीचं पाणी थेट परसात पोचत होतं. म्हणाली, "अरे, किती वर्षांत असं पाणी वाहताना बघितलं नव्हतं, पाइपात कुठे दिसतं!" त्या वर्षी गणपतीला मांडवाचे खांबही पोफळीचेच.

लाकडाचा गणपती मात्र मला पटत नाही. विसर्जन कसं करणार? आणि अंगणात कायमचा बसवलात तर रोज पूजा कोण करील?

---

गौरी (मिडटाउन)
गुरुवार, दुपारी १:०२

नानाकाका, गणपतीच कशाला? वटवाघूळ कोरा! मी मस्करी करत नाहीये. आमच्याकडे सहा दिवस लाइट नव्हते. फोन चार्ज करायला गाडी सुरू करायची आणि व्हॉटाबर्गर या बर्गरवाल्यांचं ॲप उघडायचं. त्यांची कुठली दुकानं उघडी आहेत त्यावरून कुठल्या भागात वीज आली ते कळायचं. पाचव्या दिवशी आमच्याजवळचं दुकान उघडं दिसलं, तेव्हा मी शाकाहारी असून ओरडले.

तर संध्याकाळी घरात बसवेना म्हणून वॉ ड्राइव्हच्या पुलावर जायचो. सूर्य कलला की पुलाखालून वटवाघळं निघतात. हार्वे वादळात २०१७ ला बायूचं (खालच्या ओढ्याचं) पाणी पुलापर्यंत चढलं होतं. कितीतरी बुडाली, लोकांनी जाळी टाकून कितीतरी वर काढली. तरी ती अजून तिथेच राहतात. परतताना मुलगा सिग्नलच्या रंगवलेल्या पेट्या मोजायचा. या रस्त्याने इतकी वर्षं जातो, पण सिग्नल बंद होते म्हणून प्रत्येक चौकात थांबावं लागलं आणि त्या पेट्या पहिल्यांदा नीट दिसल्या. एकीवर पक्षी आहे, त्याला तो आता बाळू म्हणतो.

---

अश्विनी (खजिनदार)
गुरुवार, दुपारी १:३०

वटवाघूळ, आणि तेही दारात? आमच्या आईला हे वाचून दाखवलं. तिने नुसते हात जोडले.

मुद्दा खर्चाचा आहे. तो अजून सुटलेला नाही.

---

शरद (शुगर लँड)
गुरुवार, रात्री ९:१५

मत मोजलं: नऊ फूट १, आठ फूट १ (हॉलसाठी), मत नाही १, गणपती नको १, वटवाघूळ १. बाकीचे बोलले ते दुसऱ्याच विषयांवर.

एचओएला फोन केला. समोरच्या अंगणात शिल्प लावायला त्यांच्या समितीची मंजुरी लागते आणि समिती बसते सप्टेंबरात. मी झाडवाल्याला सहा फूट सांगितलंय. खर्च माझा. अश्विनी, निवांत झोप.

आषाढीला आमच्याकडे अजून अंधारच होता. जनरेटर बंद करून नानांनी अभंग म्हटले, तेव्हा पलीकडच्या गल्लीतलं एक अनोळखी जोडपं खुर्च्या घेऊन येऊन बसलं होतं. कोरणारा त्यांच्याच ओळखीचा आहे, म्हणून माझा आग्रह. नाहीतर मी कधीच खोड काढून मोकळा झालो असतो.

---

शरद (शुगर लँड)
शनिवार, २७ जुलै, सकाळी १०:४०

झाडवाला सातलाच आला. मी दात घासत होतो. सहा फुटांवर करवत लावली तर आत पोकळ! भोक केवढं, तर मनगट नव्हे, सबंध कुकर मावेल. खाली साडेचारपर्यंत उतरवलं तरी मध्ये भुसाच. म्हणाला, वर्षानुवर्षं आतून सडत होतं, वादळ निमित्त झालं. कोरणारा येऊन बघून गेला. त्यात काही होण्यासारखं नाही म्हणाला. कडा चार-पाच इंच जाड आणि घट्ट आहे, पण चेनसॉ लावली की फुटेल.

आता काय करू? झाडवाला तासभर दुसऱ्या कामावर गेलाय. परत आला की जमिनीलगत कापेल.

---

विद्या (क्लिअर लेक)
शनिवार, सकाळी १०:४६

कापू नका! थांबवा त्याला!

---

नाना (शुगर लँड)
शनिवार, सकाळी १०:५८

शरद, मी समोरच्या खिडकीतून बघतोय. अरे, ते वृंदावन झालंय आयतं. आतला भुसा काढ, माती भर, माझ्याकडची कृष्णतुळस घेऊन ये. दोन कुंड्या वादळात घरात घेतल्या होत्या, त्या जगल्यात.

---

आनंद (केटी)
शनिवार, सकाळी ११:०३

साडेचार फुटांवरची तुळस? पाणी घालायला शिडी लागेल. प्रदक्षिणेचं सोडाच. तीन फूट करा. आणि खाली भोक पाडायला विसरू नका, नाहीतर मुळं कुजतील.

---

अश्विनी (खजिनदार)
शनिवार, सकाळी ११:०९

शरदकाका, एचओएच्या नियमांत 'प्लँटर'ला मंजुरी लागत नाही, फक्त उंची ३६ इंचांच्या आत हवी. आमच्या नियमांत तरी तसं आहे, तुमचे वाचून बघा. आनंद म्हणतोय ते तीन फूट बरोबर बसतं.

कडेवर गेरू आणि चुन्याची नक्षी काढायला मी येईन. त्याचा खर्चही माझा. मिनिट्समध्ये घालू नका.

---

गौरी (मिडटाउन)
शनिवार, सकाळी ११:१५

नक्षीत एक वटवाघूळ. लहानसं. मागच्या बाजूला.

---

मंदार (ढोल पथक)
शनिवार, सकाळी ११:३१

स्टोरेजमध्ये ताशांच्या खोक्यात पाच लिटरच्या कुकरचं झाकण सापडलंय. कोणी ठेवलं? किल्ली फक्त माझ्याकडे असते.