‘किंगडा का’ रोलर कोस्टर पाडला, दुरुस्त करता आला नसता का?

कोथरूडकर: न्यूजर्सीला ताईकडे गेलेलो तेव्हा सिक्स फ्लॅग्ज अम्युझमेंट पार्कच्या ‘किंगडा का’वर बसलो होतो. ४५६ फूट उंच, साडेतीन सेकंदात ताशी २०६ किमी! डोळ्यातलं पाणी थेट कानात गेलं राव. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्फोटकं लावून पाडला, तो व्हिडिओ परत परत बघतोय. २००५ चाच होता ना, वीस वर्षांत लोखंड म्हातारं होतं का?

चाकणवाला: लोखंडापेक्षा लाँचचं, म्हणजे सुरुवातीला गाडी वेगात सोडायच्या यंत्रणेचं दुखणं मोठं. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरच्या) मोटरी विंच, म्हणजे केबल गुंडाळणारा ड्रम फिरवणार, विंचची केबल गाडी खेचणार, आणि सगळा जोर त्या साडेतीन सेकंदांत, म्हणजे झीज किती होणार विचार कर. जोर कमी पडला की गाडी टोकाला न पोचता उलटी खाली यायची, त्यासाठी ट्रॅकमधून ब्रेकच्या पट्ट्या वर यायच्या. मेंटेनन्सवाल्यांचे हाल झाले असणार, आमची कारखान्यातली प्रेस मशीन बंद पडली तरी साहेब डोक्यावर उभे असतात.

कोथरूडकर: आमची गाडी नाही आली तशी परत खाली 😢 काही लोक मुद्दाम त्याच आशेने रांगेत थांबायचे.

सदाशिवपेठी: आमची पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी, ती लहान मुलांची छोटी आगगाडी, १९५६ ची आहे. स्पीड विचारू नका, पण माझी लेक उतरायलाच तयार नव्हती.