यंदाची पोस्त

रविवार, रात्री

ए-२०३ : नमस्कार. थोडं लांब लिहितेय, पण सगळ्यांनी वाचा. काल सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली दिसली. "काच लागली" एवढंच म्हणाल्या. कुठे, ते सांगेनात. खोदून विचारल्यावर कळलं, आपल्याच ए विंगच्या सुक्या कचऱ्यात फुटलेली ट्यूबलाइट होती. दिवाळीची झाडलोट सुरू झालीय, घराघरांतून फुटके पेले, आरसे, गेल्या वर्षीच्या पणत्या निघताहेत आणि सगळं एकाच पिशवीत जातंय. ती ट्यूब आमची नव्हती, पण मागच्या आठवड्यात मी लोणच्याची फुटकी बरणी तशीच दिली होती. ती कुणाच्या हाताला लागली असेल ते मला माहीत नाही.
त्या सात वर्षं आपल्याकडे येतात. मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. काल विचारलं.
आता मुद्दा. दर दिवाळीला आपण एकमेकांना सुक्या मेव्याचे डबे देतो. माझ्याकडे आलेला डबा मी पुढे देते, तुमचाही बहुतेक तसाच पुढे जातो. यंदा ते आपसातलं देणंघेणं थांबवूया. त्याऐवजी जी माणसं रोज आपल्या गेटमधून येतात-जातात आणि ज्यांना आपण ओळखत नाही, त्यांच्यासाठी काहीतरी करूया.

ए-१०२ : अगदी मनातलं बोललीस गं. मला मान्य.

बी-४०४ : ताई, मलाही मान्य. आमच्याकडे गेल्या वर्षीचे दोन डबे माळ्यावर सापडले, न उघडलेले.

सी-१०१ : माझ्या लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात पोस्टमन, पाणी सोडणारा, गुरखा, रस्ता झाडणाऱ्या बाई, सगळे दिवाळीची पोस्त मागायला येत. 'पोस्त' हा शब्दच आता ऐकू येत नाही. आई चार आणे हातावर ठेवायची आणि फराळाची ताटली द्यायची. पोस्टमनला ताटली ओसरीवर, पाटावर बसवून. झाडणाऱ्या बाईंना मात्र बाहेर पायरीवर, आणि ती ताटलीही वेगळी. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो, विचारलं नाही. आज ऐंशीच्या घरात आहे, आणि फराळ म्हटलं की ती पायरी आठवते. तेव्हा पोस्त द्यायची तर मांडीला मांडी लावून देऊ, एवढंच माझं म्हणणं.

बी-२०२ : कल्पना चांगली आहे. पण वर्गणी ठरवणार असाल तर आधीच सांगते, यंदा आमच्याकडे दोघा मुलांच्या फिया एकदम आल्यात. दर घरी ३०० म्हणालात तरी मला जड जाईल. उगाच नाव यादीत रिकामं दिसायला नको.

सचिव : ताई, बरं झालं स्पष्ट लिहिलंत. यादी होणारच नाही. माझ्या दारात बंद डबा ठेवतो. ज्याला जे जमेल ते पाकिटात घालून टाकावं, पाकिटावर फ्लॅट नंबर लिहू नये. शेवटी फक्त एकूण रक्कम आणि खर्च इथे टाकीन. कुणी किती दिले हा विषय या ग्रुपवर काढायचा नाही, अगदी कौतुकानेही नाही.

बी-२०२ : आभारी आहे.

सोमवार, सकाळी

ए-१०२ : फराळाचं माझ्याकडे लागलं. विकतच्यापेक्षा घरी निम्म्यात होतो. पातळ पोहे ३ किलो, शेंगदाणे पाऊण किलो, डाळं अर्धा किलो, सुक्या खोबऱ्याचे काप पाव किलो, कढीपत्ता भरपूर. साधारण पाच किलो चिवडा होतो, म्हणजे पाव-पाव किलोची वीस पाकिटं. पोहे आधी गच्चीवर दोन तास उन्हात घालायचे, ऑक्टोबरचं ऊन फुकट आहे. तळायचे नाहीत, परतायचे, तेलही कमी लागतं. जोडीला शंकरपाळी. खव्याचं काहीही नको. ती माणसं दिवसभर उन्हात पिशवी घेऊन फिरतात, घरी पोचेपर्यंत खव्याला वास येईल.
शनिवारी सकाळी गच्चीवर हात हवेत. खोबरं कापायला, पाकिटं भरायला.

ए-३०१ : मी येते. ज्यांना करणं शक्य नाही त्यांनी पूना मर्चंट्स चेंबरचा लाडू-चिवडा घ्यावा. दिवाळीत ते ना नफा ना तोटा तत्त्वावर विकतात आणि चव चांगली असते.

बी-४०४ : एक वेगळं म्हणणं मांडतो, काकू, राग मानू नका. गेल्या लक्ष्मीपूजनाला रात्री उशिरा परतलो तेव्हा आपल्या रात्रपाळीच्या वॉचमन दादांच्या टेबलावर अकरा ताटल्या होत्या. मोजल्या मी. सगळ्यात चिवडा, चकली, लाडू. एका माणसाने करायचं काय त्याचं? प्रत्येक घराने मनापासून दिलं, पण त्यांना काय हवं ते अकरांपैकी एकानेही विचारलं नसेल. मीही नाही.

ए-१०२ : राग कसला रे. बरोबर आहे तुझं. मग विचार ना त्यांना.

बी-४०४ : आज रात्री विचारतो. आणखी एक, मी हिशेबातला माणूस म्हणून सांगतो. बोनस आणि भेट एकात मिसळू नका. १९६५च्या बोनस कायद्याने किमान बोनस पगाराच्या ८.३३ टक्के ठरवला होता. पात्र कामगाराला तो देणं हे मालकाचं काम, इथे मालक म्हणजे वॉचमन पुरवणारी एजन्सी. आपण चिवडा दिला म्हणून एजन्सी सुटत नाही. त्यांना बोनस मिळतो का, हे सचिवांनी एजन्सीला लेखी विचारावं. हक्काचं मिळालं की मग आपली भेट.

सचिव : पत्र आजच पाठवतो.

सी-३०३ : नमस्कार, मी नवीन भाडेकरू, आतापर्यंत फक्त वाचत होतो. शिकत असताना मी दीड वर्ष दुचाकीवरून जेवण पोचवायचं काम केलं. दिवाळीत ऑर्डरी वाढतात, त्यामुळे सुट्टी घेणं परवडत नाही. एका लक्ष्मीपूजनाला एका सोसायटीत पाचव्या मजल्यावर जायचं होतं आणि लिफ्ट आमच्यासाठी नव्हती, तशी पाटी होती. जिने चढून गेलो. दार उघडलेल्या आजींनी पार्सल घ्यायच्या आधी हातावर बेसनाचा लाडू ठेवला आणि म्हणाल्या, "आधी खा, मग पाणी देते." त्या उंबऱ्याच्या आत उभं करून पाणी पिऊ देणाऱ्या त्या दीड वर्षातल्या पहिल्या. त्यांचं नाव मला माहीत नाही. पार्सलवर मुलाचं नाव होतं.
पण खरं सांगू का? लाडवाइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची गरज असायची आणि ती बोलून दाखवता येत नाही. लघवीला जायला जागा. मुलींचे तर फार हाल. त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत.

ए-२०३ : सी विंगच्या पार्किंगमध्ये संडास-बाथरूम आहे. त्याला कुलूप का आहे?

सचिव : दोन वर्षांपूर्वी अस्वच्छ राहतं म्हणून लावलं होतं. किल्ली माझ्याकडे आहे.

सी-२०४ : तक्रार मीच केली होती. आमची खिडकी बरोबर वर आहे, वास सहन होत नव्हता. आता उघडायला माझी हरकत नाही, पण साफ कोण करणार? झाडूवाल्या मावशींवरच पडणार ते. आपण उदार व्हायचं आणि कष्ट त्यांनी करायचे, हे मला पटत नाही.

ए-२०३ : लाखमोलाचं बोललात. मग त्या कामाचे मावशींना वेगळे पैसे द्यायचे. आधी त्यांना विचारायचं, आणि त्या 'नको' म्हणाल्या तर दुसरी सोय बघायची.

सचिव : विचारलं. महिना ८०० जादा, रोज दोनदा सफाई, फिनेल आणि ब्रश सोसायटीचा, असं त्या म्हणाल्या. मंजूर आहे का?

सी-२०४ : मंजूर. फिनेलचा कॅन मी आणते.

बी-४०४ : मंजूर. आणि लिफ्टसमोरची आपली ती पाटीही काढा. कुणी लावली विचारत नाही, काढा फक्त.

सी-१०१ : पाटी आत्ताच काढून आलो. गेटपाशी तोटीचा माठ ठेवू. माझ्याकडे मोठा माठ पडून आहे, तिवईसकट. रोज सकाळी धुऊन भरायचं काम माझं.

मंगळवार, रात्री

ए-२०३ : कचरा नेणाऱ्या ताईंशी आज निवांत बोलले. हातमोजे घेऊन देऊ का विचारलं. मोजे घातले की पिशव्यांच्या गाठी सुटत नाहीत, म्हणाल्या. त्यांनी जे मागितलं त्याला आपला एक पैसा लागत नाही. तसंच्या तसं लिहिते.
फुटकी काच जाड कागदात किंवा खोक्यात बांधून, वर 'काच' लिहून हातात द्या. ट्यूबलाइट फोडू नका, आत पारा असतो, अख्खी वेगळी द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल पेनाने मोठा ठिपका काढा, म्हणजे त्यांना उघडून बघावं लागत नाही. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई वर्षानुवर्षं हेच सांगताहेत, आणि पॅड गुंडाळून द्यायचं हे २०१६च्या घनकचरा नियमांतही होतं. आपणच आळस केला.
दिवाळीच्या ऑनलाइन खरेदीचे पुठ्ठे ओले करू नका, त्यात खरकटं टाकू नका. कोरडा पुठ्ठा भंगारात विकला जातो, त्याचे पैसे त्यांना मिळतात. तेलकट झाला की कुणी घेत नाही. मी यंदा वर्षभराची रद्दीही त्यांनाच देणार आहे.
आणि भाऊबीजेला एक दिवस सुट्टी हवीय. त्या दिवशी ओला कचरा झाकणाच्या डब्यात घरात ठेवायचा, सुका तर राहतोच. महिन्याचे पैसे कापायचे नाहीत.

ए-१०२ : एवढंच मागितलं त्यांनी?

ए-२०३ : एवढंच. मी पुन्हा पुन्हा विचारलं, काकू.

सी-३०३ : जुने चांगले कपडे दिले तर चालतील का? माझ्याकडे दोन स्वेटर आहेत.

ए-१०२ : धुऊन, बटणं तपासून, इस्त्री करून ठेव, आणि आधी विचार. आपण घालू शकणार नाही असं काही देऊ नये. फाटकं पायपुसण्यात घालावं.

ए-३०१ : एक राहिलंच. कर्वे संस्थेचा भाऊबीज निधी गोळा करायला कार्यकर्त्या येतात, यंदाही येतील. त्यांना गेटवरून परत पाठवू नका. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला, तिथून वाढलेली संस्था आपल्यापासून दहा मिनिटांवर आहे. पन्नास रुपयेसुद्धा ओवाळणी म्हणून घेतात, पावती देतात. माझी आई तिथे शिकली. कुणी कुणी घातलेल्या ओवाळणीवर शिकली, ते तिला कधीच कळलं नाही.

बुधवार, रात्री

बी-४०४ : वॉचमन दादांशी बोललो. लातूरकडचे आहेत. चार वर्षं भाऊबीजेला गावी गेलेले नाहीत, एजन्सीला त्या रात्री बदली माणूस मिळत नाही. पाडव्याची आणि भाऊबीजेची अशा दोन रात्री सुटल्या तर जाऊन येता येईल, म्हणाले. मागितलं नाही त्यांनी, मी विचारलं म्हणून सांगितलं. एसटीचं तिकीट डब्यातल्या पैशांतून काढू. पण रात्री गेटवर कोण?

सी-१०१ : आपण. एवढी घरं आहेत.

सचिव : एजन्सीशी बोललो. दोन रात्रींचा पगार कापणार नाहीत, तसं ईमेलवर घेतलंय. रात्री १० ते सकाळी ६, दोन-दोन तासांची पाळी, प्रत्येक वेळी दोघं जण. नावं टाका.

सी-१०१ : पाडवा, १० ते १२. मी आणि नातू.

बी-४०४ : दोन्ही रात्री १२ ते २. सी-३०३ येतोस का सोबत?

सी-३०३ : येतो दादा. २ ते ४ पण घेतो, मला सवय आहे.

ए-२०३ : २ ते ४ त्याच्यासोबत आमचे हे बसतील, दोन्ही रात्री. भाऊबीज १० ते १२ मी आणि माझी मुलगी.

ए-१०२ : चहाचा थर्मास माझा. दर पाळीला भरून देईन.

सचिव : पहाटे ४ ते ६ दोन्ही रात्री रिकामं आहे. अवघड वेळ आहे, कळतं. कुणाला जमेल?

बी-२०२ : आम्ही दोघं बसू. दोन्ही रात्री.