त्या मांजरीला विसरू नका

‘बफी’ मालिकेच्या भागाच्या शेवटी, निर्मिती कंपनीचं चिन्ह म्हणून ‘ग्रर्र, आर्घ’ करत जाणाऱ्या कागदी राक्षसाचं कौतुक चाललंय, तर त्याच्या आधीची एमटीएमची मांजर कशी विसरता? अभिनेत्री मेरी टायलर मूरच्या या मालिका बनवणाऱ्या कंपनीने एमजीएम या चित्रपट कंपनीच्या सिंहाची टर उडवत आपल्या चिन्हात तशाच कड्यात मांजरीचं पिल्लू बसवलं. डरकाळीच्या जागी बारीकसं म्याऊ! मालिकेगणिक थाट वेगळा. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ला पोलिसाची टोपी, ‘सेंट एल्सव्हेअर’ हॉस्पिटलातली, म्हणून तोंडाला मास्क. त्या मालिकेच्या शेवटच्या भागात (१९८८) तर नावं सरकत असताना पिल्लू सलाइन लावून निपचित पडलेलं, आणि मॉनिटरवरची रेघ सरळ होते. विनोद जरा क्रूरच, पण माझा सगळ्यात आवडता. ओटीटीवर मात्र ही चिन्हं दिसायच्या आतच पुढचा भाग सुरू होतो. रिमोट हातात ठेवूनच बसा.