गाव बदललं, आई झाले, प्रश्न वाढले: तुमचेही अनुभव लिहा

परवा लेक शाळेतून आली आणि दारातूनच ओरडली, "आई, मी आलो!" मी सवयीने म्हटलं, "आलो नाही गं, आली." तर म्हणते, "ते तुझ्या नागपुरात. मी कोल्हापूरची हाय." पुण्याच्या जावेचं 'आले' आहेच मध्ये लोंबकळत. एका घरात तीन मराठ्या.

2014 साली नवऱ्याची बदली झाली आणि सहावा महिना चालू असताना मी कोल्हापुरात राजारामपुरीत आले. ओळखीचं कुणी नाही. भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "काय शोधायलाईसा, वहिनी?" मला 'शोधा' एवढंच कळलं. आमच्याकडे 'शोधून राहिल्या' म्हणतात, तेच हे, हे समजायला आठवडा गेला. मग एक दोनशेपानी वही केली आणि ऐकलेले शब्द लिहीत गेले. बाळंतपणात रात्री तीनला, लेक मांडीवर, एका हाताने लिहिलेली पानं आज मलाच वाचता येत नाहीत. पण त्या वहीने मला त्या दिवसांत धरून ठेवलं, हे खरं.

परकं गाव आणि लेकरू ज्यांच्या वाट्याला एकदम आलं, त्यांनी लिहा. इथे आलेल्यांनी आणि इथून गेलेल्यांनीही. सल्ले नकोत, झालेलं सांगा.

माहेर चिपळूण, सासर शुक्रवार पेठ

मी 1986 ला लग्न होऊन कोल्हापुरात आले. नारळ विकत आणायचा असतो हे कळल्यावर रडले होते, हसू नका. दोन मुलं, मोठं कुटुंब, वाचायला वेळ कुठला! पण करवीर नगर वाचन मंदिराची वर्गणी मी सोडली नाही. 1850 सालचं वाचनालय ते, आणि घरापासून पायी जाण्यासारखं. आत्याबाई धाकट्याला घेऊन बसायच्या. "जा, पुस्तक बदलून ये, पर दुधाच्या येळंला माघारी ये," म्हणायच्या. स्वतः त्यांना अक्षरओळख नव्हती.

त्या गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत मोडी लिपीतली कागदं निघाली. वय 58, तरी मोडीच्या वर्गाला नाव घातलं. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि अक्षरं तिला टांगत जायची. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा सोडलेली नाही. कुठं तोडायचं ते आपण ठरवायचं. तीन महिन्यांनी पहिला शब्द लागला: बैल. मला वाटलं होतं, घराण्याचा काही इतिहास निघेल. निघाली ती पेरणीला बैल उसने नेल्याची चिठ्ठी! परत दिल्याची नोंद अजून सापडलेली नाही.

लातूर ते शाहूपुरी

2016 ला लातुरात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा घागर घेऊन रांगेत उभी होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत तळमजल्यावर, चार महिन्यांचा मुलगा घेऊन, दारात पाणी बघत होते. शिरोलीजवळ महामार्ग बंद, नवरा पुण्यात अडकलेला. वरच्या मजल्यावरच्या काकींनी आधी बाळ उचललं, मग मला म्हणाल्या, "कागदपत्रं घे, भांडी ऱ्हाऊ देत."

त्यानंतर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची खोड लागली. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की मी गाद्या वर टाकते. मुलगा आता मोठा झालाय. त्याने विचारलं, पंचगंगेच्या पाच नद्या कोणत्या? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. पाचवी सरस्वती, गुप्त. "दिसत नाही तर मोजली कुणी?" मला उत्तर आलं नाही. रविवारी प्रयाग चिखलीला संगमावर जाऊन आलो. गुप्त सोडून त्याने वहीत चारच लिहिल्या. बाईंनी एक मार्क कापला. मला तो कापलेला मार्क फार आवडला.

मूळ मंगळवार पेठ, सध्या बेंगळुरू

माझी वाढ-बिढ काही झाली नाही, आधीच सांगते. दोन वर्षं झोप नव्हती. रजा संपवून कामावर गेले तर माझं काम दुसऱ्याला दिलेलं आणि मला विचारतात, "आता जमेल का?" सोडली नोकरी. दिवसभर बोलायला एकच माणूस, खालची फुलवाली. तिच्याकडून कन्नड शिकले. आधी 'एष्टु', म्हणजे किती. मग 'साकु', म्हणजे पुरे. लेक भरवताना तोंड फिरवून पहिला स्पष्ट शब्द बोलला तो 'साकु'. कोल्हापूरला आई फोनवर विचारत बसली, "काय म्हणतंय गं पोरगं? साखर मागतंय काय?"

धागा काढणारी

चिपळूणच्या काकू, मोडीत आली, आले, आलो वेगवेगळं दिसतं का हो? की आमचं घरातलं भांडण तिथं मिटतं?

माहेर चिपळूण, सासर शुक्रवार पेठ

वेगळंच दिसतं गं, भांडण काही मिटत नाही. शनिवारी चारला ये. लेकीलाही आण. बोरू नको, साधं पेन चालतं.