डिपॉझिट परत मागितलं तर मालक पेंटिंगचा हिशोब दाखवतायत

पाथर्डीफाटा_वनबीएचके:
नाशिकला पाथर्डी फाट्याला ३ वर्षं राहिलो, मागच्या महिन्यात चावी दिली. डिपॉझिट ४०,०००. आता मालक काका म्हणतात १९,००० पेंटिंगचे, ४,००० सिंक आणि नळाचे, उरलेलं पुढच्या महिन्यात बघू. भिंतीत आठ-दहा खिळे मारले हे मान्य, पण बेडरूमचे पोपडे निघालेत ते वरच्या फ्लॅटच्या बाथरूमची ओल उतरते म्हणून, आणि पहिल्याच पावसाळ्यात काकांना बोलवून दाखवलेलं, चहा प्यायले, 'बघतो' म्हणाले आणि गेले ते गेलेच. ऍग्रीमेंट पहिल्या ११ महिन्यांचं रजिस्टर, नंतर सगळं तोंडी. भाडं ५०० ने वाढवायचं मात्र दरवर्षी बरोबर लक्षात. पोलिसांत जाऊ का?

मालक_पण_माणूस:
माझा इंदिरानगरला फ्लॅट आहे, भाड्यानेच देतो. ३ वर्षांत रंग तसाही जुना होतो, त्याचे पैसे भाडेकरूकडून घेणं मला पटत नाही. पण ऍग्रीमेंट नीट वाच, काही एजंट 'सोडताना एक महिन्याचं भाडं पेंटिंगला' असं हळूच घालून ठेवतात. सिंकचं बिल माग. आणि सगळे भाडेकरूपण धुतल्या तांदळाचे नसतात हां, माझा एक जण दोन महिन्यांचं लाईट बिल ठेवून गेला, तेव्हापासून मीटरचा फोटो काढल्याशिवाय मी चावी हातात घेत नाही.

काळाकोट:
पोलीस 'दिवाणी मॅटर आहे' म्हणून परत पाठवतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ बघ. करार लेखी आणि रजिस्टर पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. तसा नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगतो ते धरतात, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमची नंतरची २ वर्षं तोंडीच गेलीत, म्हणजे काकांनाच जड जाईल. वकिलाकडून १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने पाठव. पैशाच्या दाव्याला ३ वर्षं मुदत असते, पण एवढ्या रकमेसाठी सीबीएस बस स्टँडजवळ कोर्टात तारखा घेत बसणं मी माझ्या भावालाही सांगणार नाही.

सातपूरवाली:
दादा, ओलीचा फोटो तेव्हा व्हॉट्सअपवर पाठवलेला का? तो सापडला तर नोटीशीचीपण गरज नाही.

पाथर्डीफाटा_वनबीएचके:
ताई सापडला!! पहिल्या जुलैतला, खाली काकांचा अंगठापण आहे 👍. तोच परत फॉरवर्ड केला आणि खाली कलम ५५ लिहिलं. दहा मिनिटांत फोन, 'अरे आपल्यात नोटीस कशाला, घरी ये'. ३५,००० वर आलेत. सिंकचं बिल मागितलं तर म्हणे प्लंबर बिल देत नाही. घेऊ का?

मालक_पण_माणूस:
घे. कापलेले ५,००० खिळ्यांचे समज. फक्त पैसे खात्यात दिसल्याशिवाय 'पूर्ण हिशोब मिळाला' अशा कागदावर सही करू नको, आणि चहा त्यानंतरच पी.