चाक फिरताना रेंज गेली, तर लावलेले पैसे कुणाचे?

हर्णैचा_खलाशी

नमस्कार मंडळी. विचारायला लाज वाटते, पण इथे कुणी ओळखत नाही म्हणून विचारतो.

मी बोटीवर खलाशी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोट आंजर्ल्याच्या खाडीत शाकारून ठेवली आहे. सकाळी जाळी शिवायची, दुपारी भात खाऊन लवंडायचं, मग पाऊस बघत बसायचं. एरवी खोल पाण्यात रेंजच नसते, त्यामुळे मोबाइलचा नाद नव्हता. या बंदीत आमच्यातल्याच एकाने टेलिग्रामवरची लिंक दिली. ॲप-बिप काही नाही, क्रोममध्येच उघडतं. रुलेटचं चाक आहे, पत्ते आहेत, विमान उडतं आणि फुटायच्या आत पैसे काढायचे असाही एक खेळ आहे. मी चाकावरच खेळतो, पत्त्यांतलं मला कळत नाही.

परवा संध्याकाळी बोटीवर ताडपत्रीखाली बसलो होतो. पाऊस आडवा येत होता म्हणून मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. लाल रंगावर ५० ची चिप ठेवायला गेलो, पिशवीवर पाणी, अंगठा घसरला आणि ५०० ची चिप बसली. काढेपर्यंत वेळ संपली, चाक सुटलं. तेवढ्यात लाइट गेली. आमच्याकडे लाइट गेली की मागोमाग टॉवरही जातो. चाक अर्ध्यात थिजलं आणि मधोमध ते गोल गोल चिन्ह फिरत राहिलं. दहा-बारा मिनिटांनी रेंज आली, पान परत उघडलं, तर ५०० वजा! गोटी कुठे पडली ते मी बघितलं नाही, चाक माझ्यासमोर थांबलंच नाही, मग पैसे कापले कसे? त्यांच्या चॅटवर तीन वेळा विचारलं. तीनही वेळा तेच इंग्रजी उत्तर, खाली हसरा चेहरा.

ते म्हणतात ब्राउझर सोडा, आमची एपीके फाइल (म्हणजे त्यांचं ॲप) टाका, मग रेंजचा त्रास होणार नाही. टाकू का?

आणखी एक. खात्यात ४१,३०० दिसतात. काढायला गेलो तर म्हणतात आधी ३० टक्के टॅक्स, म्हणजे १२,३९० भरा, मग सगळे एकदम मिळतील. मी आत फार तर ९,००० घातले असतील. म्हणजे टॅक्स भरूनही फायदाच ना?

ता. क. – जूनच्या शेवटी २,००० काढले होते, ते दहा मिनिटांत आले, म्हणून विश्वास बसला. पण गेले आठ दिवस माझं बँक खातं होल्डवर आहे. बँकेतले म्हणाले बाहेरच्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आलंय. त्याचा याच्याशी संबंध नसावा बहुतेक, पण मालकाची उचल त्याच खात्यावर येते म्हणून सांगून ठेवलं.

चिपळूणचा_सर्व्हरवाला

चाकाचं आधी सांगतो, कारण माझं रोजचं काम त्याच्या जवळचं आहे.

तुझ्या मोबाइलवर फिरतं ते चित्र. पैज बंद झाली की आकडा कुठेतरी लांबच्या सर्व्हरवर पडतो, मग तो आकडा तुझ्या ब्राउझरकडे येतो आणि ब्राउझर त्याप्रमाणे चाक रंगवतो. गोटी धडपडते, एका घरात थांबतेय असं दाखवून शेजारच्या घरात उडी मारते, ती सगळी सजावट. (कॅमेऱ्यासमोर खरा माणूस खरं चाक फिरवतो असेही खेळ असतात. तुझा तो दिसत नाही.) त्यामुळे तुझी रेंज गेली तरी निकाल लागून गेलेला असतो. नियमाने चालणाऱ्या ठिकाणी प्रत्येक फेरीचा क्रमांक असतो आणि इतिहासात जाऊन काय पडलं ते बघता येतं. तेव्हा ५०० कापले एवढ्यावरून चोरी झाली असं म्हणता येणार नाही. पण तो आकडा प्रामाणिकपणे काढला की तुझी पैज बघून, हे तुला किंवा मला इथून कधीच कळणार नाही. बाहेरची प्रयोगशाळा तपासते तेव्हाच ते कळतं, आणि टेलिग्रामच्या लिंकवरचं दुकान असल्या तपासणीला जात नाही.

एपीके अजिबात टाकू नकोस. ब्राउझरमध्ये होतास हेच नशीब समज. ब्राउझरमधल्या पानाला तुझे एसएमएस उघडून वाचता येत नाहीत. एपीके टाकताना ‘परवानगी द्या, परवानगी द्या’ करत तू एकदा एसएमएस उघडे केलेस की बँकेचा ओटीपी तुझ्याआधी त्यांना दिसेल. रेंजवर तर काहीच फरक पडणार नाही. टॉवरच मेला तर ॲप काय करणार?

क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्जमधून सूचना बंद कर, नाहीतर रात्री अकराला ‘तुमचे फ्री स्पिन संपत आले’ असं येतच राहील. सेव्ह केलेला पासवर्डही काढ. होम स्क्रीनवरचं चिन्ह पुसलंस म्हणजे खातं गेलं असं नाही, ते चिन्ह म्हणजे नुसती खूण असते.

काउंटर_नंबर_३

रत्नागिरीत बँकेत असतो. दादा, तुम्ही ता. क. मध्ये लिहिलंत तोच तुमचा खरा प्रश्न आहे. चाक राहू द्या.

आधी टॅक्स. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कपात १ एप्रिल २०२३ पासून आयकर कायद्यात आली, ते खरं. पण ती देणाऱ्याने कापायची आणि उरलेले तुम्हाला द्यायचे. टॅक्स कापून देतात, मागून घेत नाहीत. ‘आधी या क्यूआरवर भरा’ म्हटलं की तो टॅक्स नाही. १२,३९० भरलेत की पुढे प्रोसेसिंग फी येईल, मग खातं व्हेरिफाय करायची फी येईल. ते ४१,३०० म्हणजे त्यांच्या पानावर त्यांनी टाइप केलेला आकडा आहे.

दुसरं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे असले खेळ चालवणाऱ्याला त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड ठेवलाय, आणि बँकांनी असले व्यवहार करायचे नाहीत असंही आहे. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, तेव्हा पोलिसांकडे जायला घाबरू नका.

आता सांगा, तुम्ही पैसे भरलेत ते दर वेळी वेगळ्या नावावर गेले ना? कधी कुणी ट्रेडर्स, कधी नुसतं एखाद्या बाईचं नाव? ती भाड्याने घेतलेली खाती. सरळ मार्गाने पैसे घेता येत नाहीत म्हणून ही आडवाट. आणि तुम्हाला जे २,००० आले तेही असल्याच एका खात्यातून आले, म्हणजे बहुतेक दुसऱ्या कुणा फसलेल्या माणसाचे. त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलिसांनी पैसा कुठून कुठे गेला ते धरत आणला आणि साखळीत तुमचं खातं सापडलं. संबंध आहे तो असा.

बँकेत तोंडी बोलू नका. अर्ज द्या आणि लेखी मागा: तक्रारीचा क्रमांक काय, कुठलं सायबर पोलीस ठाणे, किती रकमेसाठी होल्ड. फक्त वादातले २,००० अडकवून बाकी खातं मोकळं करा, अशी विनंती त्यातच लिहा. त्या ठाण्याला खात्याचा उतारा जोडून ईमेल करा आणि खरं काय ते सांगा, खेळाचंही सांगा. मासे विकल्याचे पैसे वगैरे रचू नका, तारखा जुळत नाहीत आणि मग निस्तरताना नाकी नऊ येतात. तुमची स्वतःची तक्रारही १९३० वर करा.

आधार-पॅनचे फोटो पाठवलेत का?

दाभोळची_ताई

भाऊ, एकच विचारते. ९,००० घातले असं लिहिलंस, ते मोजून लिहिलंस की अंदाजाने? माझ्या भावाने अंदाजाने पंधरा सांगितले होते. यूपीआयच्या ॲपमध्ये इतिहास असतो, कागद-पेन्सिल घेऊन बस आणि एकेक लिही. नुसतं मनात बेरीज करू नकोस.

हर्णैचा_खलाशी

ताई, काल रात्री बसलो. पोराच्या वहीचं मागचं पान घेतलं.

४३ वेळा भरलेत. २७,६५० रुपये.

खोटं बोललो नव्हतो, मला खरंच नऊच वाटत होते. २०० भरले, ३०० भरले, ते डोक्यात राहतच नाहीत. एका दिवशी ५०० चे अकरा वेळा आहेत, तारीख बघितली तर तो मोठ्या पावसाचा दिवस, घराबाहेर पाऊल टाकता आलं नव्हतं. त्यात मालकाकडून आगाऊ उचललेले ६,००० आहेत आणि मेहुण्याचे ४,०००. मेहुण्याला सांगितलं होतं इंजिनाच्या कामाला हवेत.

बँकवाले साहेब, नावं तुम्ही म्हणता तशीच. सात-आठ वेगवेगळी. आधारचा पुढून-मागून फोटो पाठवलाय, पॅनचाही. टॅक्स भरलेला नाही. पण खरं सांगायचं तर काल दुपारपर्यंत भरायचंच चाललं होतं, बायकोच्या कानातलं घेऊन सोनाराकडे जायचं एवढंच राहिलं होतं.

वेंगुर्ल्याचो_डायवर

झिला, मी गाडी चालवतंय. सिझनाक पणजीचा भाडा असताच. लोकांका मांडवीच्या काठार सोडूचा, ते कॅसिनोच्या बोटीर जातत, पहाटे येतत. जाताना गाणी मोठ्यान लावूक सांगणारो येताना ‘काच वर कर’ इतक्याच बोलता.

हिशोब मात्र पुस्तकी मराठीत लिहितो, नाहीतर डोक्यावरून जाईल. एका गिऱ्हाइकाने मला तो गाडीच्या बॉनेटवर बोटाने लिहून दाखवला होता. चाकावर ० ते ३६ अशी ३७ घरं. सगळ्या घरांवर दहा-दहा लाव, ३७० झाले. गोटी कुठेही पडो, ३५ पट म्हणजे ३५० आणि तुझे १० मिळून ३६० हातात. दर फेरीला १० गेले, नशीब कितीही चांगलं असलं तरी. हे सरळ चाकाचं. तुझ्या चाकावर शून्य एक आहे की दोन, बघितलंस का? दोन असतील तर ३८० लावून ३६० च.

आता वेग धर. टेबलावर गोटी थांबते, पैसे वाटतात, माणसं विचार करतात, कुणी सिगारेट पेटवतो. मोबाइलवर २० सेकंदांत फेरी संपते. तासाला १८० फेऱ्या, ५० ची पैज, ९,००० रुपये फिरले. त्यातले सरासरी २४३ (३७० ला १०, म्हणजे शंभराला २.७० च्या हिशोबाने) चाकाने खाल्ले, तेही चाक सरळ असेल तर.

बोनसही घेतला असशील. ३,००० भरा, ३,००० आमच्याकडून, आणि खाली बारीक अक्षरात चाळीस पट खेळल्याशिवाय काढता येणार नाही. सहा हजारांची चाळीस पट म्हणजे २,४०,००० च्या पैजा. एवढं खेळताना चाक सरासरी ६,४८० खातं. हातात होते ६,०००. म्हणजे काढायची वेळ येण्याआधीच ते संपायचे, अशी ती अट बांधलेली असते.

जत्रेक दशावतार बघूक जातंव तेव्हा पलीकडे कंदिलाखाली पत्त्यांच्या जुगाराचो अंदर-बाहर बसता. थयसर निदान समोरच्याचा तोंड तरी दिसता रे.

काउंटर_नंबर_३

आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आधारच्या ॲपमध्ये सोय आहे. आणि पॅनवर कुणी कर्ज काढलंय का ते क्रेडिट रिपोर्टमध्ये बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. उचल दुसऱ्या बँकेत स्वतःच्याच नावावर घ्या. मित्राच्या खात्यावर नको, त्याचंही खातं यात ओढलं जाईल.

हर्णैचा_खलाशी

आज दापोलीला जाऊन आलो. बँकेत अर्ज दिला, पोच घेतली. होल्ड २,००० साठीच आहे असं तिथल्या मॅडमनी कागदावर लिहून दिलं, बाकी खातं सुटायला त्या ठाण्याचं उत्तर यावं लागेल म्हणाल्या. १९३० वर तक्रार नोंदवली. आधारला अंगठा लॉक करायचं हसूच आलं, जाळी ओढून ओढून आमच्या अंगठ्यांवर रेषाच उरलेल्या नाहीत. रेशनच्या दुकानात मशीन चार-चार वेळा नाही म्हणतं. तरी केला.

चाकावर शून्य दोन होती. एवढे दिवस बघत होतो, मोजली नव्हती.

मेहुण्याला सांगितलं. काही बोलला नाही, नुसता चहा ओतून घेतला. बायकोला अजून नाही.

आणि एक विचारायचं होतं. इथे लिहिल्यापासून एकाचे मेसेज येतायत. म्हणतो मीपण कोकणातलाच, असे अडकलेले ४१,३०० काढून देतो, १० टक्के माझे, त्यातले निम्मे आधी. हा कोण असावा?

काउंटर_नंबर_३

त्याच धंद्यातला. फसलेल्यांना पुन्हा गाठतात. ब्लॉक करा.

हर्णैचा_खलाशी

केला. डीपीला बोटीचा फोटो होता राव, झेंड्यासकट.